तव्यावरचा काळा मासा आणि घरचा मसाला

जयंतीचा महिना आला की नेसरी, गडहिंग्लज, आजरा, चंदगड या भागात घरोघर चटणीची गडबड सुरू होते. अंगणात मिरच्या वाळतात, कांदा-लसूण सोलला जातो आणि डब्यात भरून सारे डंकावर कांडून आणले जाते. वर्षभराची बेगमी होते. आमटी असो, रस्सा असो की भाकरीबरोबरचा झुणका, आपल्याकडे सगळ्याला हीच चटणी. म्हणून मासा तव्यावर टाकायचा झाला तरी हात चटणीच्याच डब्याकडे जातो, आणि बहुतेक वेळा घोटाळा तिथेच होतो.

भगिनींनो, चटणी वाईट नाही. पण ती रश्शासाठी आहे. तिच्यात कांदा, लसूण, खोबरे, तीळ असतात आणि ते एकदा भाजून किंवा तळून घेतलेले असतात. रश्श्यात पाणी असल्यामुळे उष्णता शंभर अंशांच्या आसपास थांबते, चटणी करपत नाही. कोरड्या तापल्या तव्यावर उष्णता त्याच्या दुप्पट जाते. तिथे भाजलेला कांदा आणि खोबरे पुन्हा भाजले जाऊन जळतात. मासा आतून कच्चा राहतो आणि वरून कडू होतो. मजुरीच्या पैशातून आणलेला अर्धा किलो मासा पोरांनी ताटात तसाच ठेवला, तर जीव किती हळहळतो हे आपल्याला सांगायला नको.

काळा वेगळा, करपलेला वेगळा

मासा मुद्दाम काळा करण्याची एक पद्धत अमेरिकेतील लुइझियाना राज्यातून जगभर गेली. ती नावारूपाला आणली पॉल प्रुडोम या स्वयंपाक्याने. १९४० साली एका गरीब, वाट्याने शेती करणाऱ्या कुटुंबात जन्मलेला हा तेरा भावंडांतला सर्वांत धाकटा मुलगा आईच्या हाताखाली चुलीपाशी शिकला. १९७९ साली त्याने न्यू ऑर्लिन्स शहरात खाणावळ काढली. बिडाचे भांडे लाल होईस्तो तापवायचे, मासा लोण्यात बुडवून कोरड्या मसाल्यात घोळवायचा आणि त्यावर टाकायचा, अशी त्याची रीत होती. लोकांची इतकी झुंबड उडाली की १९८० च्या दशकात मेक्सिकोच्या आखातात त्या माशाच्या व्यापारी मासेमारीवर बंधने घालावी लागली. पुढे प्रुडोमने आपले मसालेही पाकिटात भरून विकले. तो २०१५ साली वारला.

त्याच्या मसाल्यात रंगाची गोडसर मिरची, झोंबणारी मिरची, मिरे आणि ‘थाइम’ नावाचा सुगंधी पाला असे. यातले काहीच आपल्याला परके नाही. रंगासाठी ब्याडगी आहे. कर्नाटकातील हावेरी जिल्ह्यातल्या या मिरचीला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिला रंग फार, तिखटपणा कमी. झोंबण्यासाठी आपली जवारी, म्हणजेच संकेश्वरी आहे. गडहिंग्लजच्या बाजारात तिचे नाव आहे. आणि थाइमचा वास ज्या द्रव्यामुळे येतो, तेच थायमॉल आपल्या ओव्यात असते.

मसाल्याचे साहित्य

ब्याडगी मिरची ५० ग्रॅम, जवारी मिरची १५ ग्रॅम, धणे २ मोठे चमचे, जिरे १ चमचा, काळी मिरी १ चमचा, ओवा अर्धा चमचा, बडीशेप अर्धा चमचा, हळद अर्धा चमचा. एक किलो मासा दोन-तीन वेळा होईल एवढा हा मसाला होतो.

कृती

मिरच्यांचे देठ काढावेत. डाग पडलेल्या, बुरशीचा वास येणाऱ्या मिरच्या टाकून द्याव्यात. सर्व जिन्नस एक दिवस कडक उन्हात वाळवावेत, पण भाजू नयेत. भाजण्याचे काम तवा करणार आहे. मिक्सरमध्ये बारीक करून चाळून घ्यावे. कांदा, लसूण, खोबरे, साखर यात घालू नये. मीठही आधी मिसळू नये. ते ओल ओढते. कोरड्या बरणीत दोन महिने वास टिकतो. म्हणून थोडाच करावा.

मासा नदीचा असो की कोकणातून घाट चढून आलेला बांगडा, रीत एकच. रोहू-कटल्याचे बोटभर जाडीचे तुकडे करावेत. चिलापी किंवा बांगडा असेल तर अख्ख्या माशाला दोन्ही बाजूंनी चिरा द्याव्यात. मीठ, लिंबू आणि ठेचलेला लसूण लावून पाव तास ठेवावा. मग लसूण पुसून काढून फडक्याने मासा कोरडा करावा. ही पायरी चुकवू नये. ओला मासा तव्यावर वाफाळतो, त्याला कवच येत नाही.

आता माशालाच शेंगतेल चोळावे, वर मसाला दाबून लावावा. लोखंडी किंवा बिडाचा तवा चांगला तापू द्यावा. मासा ठेवल्यावर तीन मिनिटे हलवू नये. मग एकदाच उलटावा. अख्ख्या माशाला थोडा जास्त वेळ द्यावा. काट्यापासून मांस सहज सुटले की झाला. रंग काळपट तपकिरी आणि वास खमंग हवा. धूर निळसर होऊन नाकात कडवट वास आला तर लगेच आच कमी करावी. नॉनस्टिक तवा एवढ्या आचेसाठी नाही. मिरचीचा ठसका उठतो, म्हणून अंगणातल्या चुलीवर करणे बरे. तान्ही मुले आणि दम्याची माणसे दूर असावीत.

विकतची पूड का नको?

तिखटात विटेची भुकटी आणि रंग मिसळण्याचे प्रकार जुनेच आहेत. २००३ साली भारतातून गेलेल्या तिखटात ‘सुदान’ नावाचा, अन्नात बंदी असलेला रंग युरोपात सापडला होता. घरी पारख करता येते. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन वर चिमूटभर तिखट टाकावे. रंगाच्या रेघा झरझर खाली उतरल्या तर कृत्रिम रंगाचा संशय घ्यावा. तळाचा गाळ बोटाला खरखरीत लागला तर वीट किंवा वाळू असू शकते. डोळ्यांसमोर वाळवलेल्या मिरचीची अशी परीक्षा घ्यावी लागत नाही.

बचत गटातल्या भगिनींनी यावर जरूर विचार करावा. चटणी तर आपण करतोच. हा मसाला तिच्यापेक्षा सोपा आहे. विकायचा असेल तर अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी करून घ्यावी आणि पाकिटावर जिन्नस व तारीख लिहावी. शेतमजुराच्या घरातला एक पोरगा आईकडून शिकलेल्या हातावर जगभर पोचला. तशी हातची कला आपल्या आया-बहिणींकडेही आहे. ती वजनमापाने वहीत उतरवून ठेवा आणि मुलींइतकीच मुलांनाही शिकवा.