युद्ध आणि छळ यांचे मूळ धर्मात आहे काय?

“धर्मच नसता तर इतके रक्त सांडले नसते,” हा आक्षेप आपल्या मंडळ्यांतील सुशिक्षित तरुणांकडून वरचेवर ऐकावयास मिळतो. त्यावर आपल्यापैकी पुष्कळजण तयार उत्तर देतात की, खरा धर्म हिंसा शिकवीतच नाही. जे हिंसा करतात ते धार्मिक नव्हेत. आमच्या मते हा आक्षेप जितका एकांगी आहे तितकेच हे उत्तरही अपुरे आहे. आक्षेप घेणारा माणसाच्या लोभाला मोकळे सोडतो आणि उत्तर देणारा धर्मसंस्थेला. या प्रश्नाचा विचार केवळ तत्त्वचर्चेने होणार नाही. म्हणून मादन हिप्परगा, आळंद, बसवकल्याण, भालकी या मराठी-कानडी सीमाभागाने १९४८ साली जे प्रत्यक्ष भोगले, त्याच्या आधारे तो करण्याचे आम्ही योजिले आहे.

(१) १९४८ ची साक्ष

आज कलबुर्गी व बीदर या जिल्ह्यांत असलेला हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबादच्या निजामाच्या संस्थानात होता. बहुसंख्य प्रजा हिंदू व राजा मुसलमान. प्रजेच्या भाषा तेलुगू, मराठी व कानडी, आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू. १९४७ साली संस्थान भारतात विलीन करण्याचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा लातूरचे वकील कासीम रझवी यांच्या नेतृत्वाखाली रझाकारांची सशस्त्र संघटना बळावली. तिच्या अत्याचारांनी खेडोपाडी भय पसरले. मे १९४८ मध्ये बसवकल्याणजवळील गोर्टा गावी झालेली कत्तल त्या भागातील लोक आजही विसरलेले नाहीत.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले व पाच दिवसांत निजामाच्या सैन्याने शरणागती पत्करली. परंतु रक्तपात तेथे थांबला नाही. आता सूड सुरू झाला, आणि तो रझाकारांपुरता मर्यादित राहिला नाही. ज्यांनी कधी शस्त्र हाती घेतले नव्हते असे असंख्य मुसलमान शेतकरी व कारागीर त्यास बळी पडले. केंद्र सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने संस्थानातील १६ पैकी ९ जिल्ह्यांत फिरून अहवाल दिला. मृतांची संख्या २७ हजार ते ४० हजार असावी, आणि सर्वाधिक हानी उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या चार जिल्ह्यांत झाली, असा तिचा अंदाज होता. या आकड्यांविषयी मतभेद आहेत. तो अहवाल कित्येक दशके अप्रसिद्ध राहिला आणि सर्वसामान्य वाचकांच्या हाती २०१३ च्या सुमारास आला.

वरवर पाहता हे धर्मयुद्धच दिसते. परंतु थोडे खोलात गेल्यास चार गोष्टी दृष्टीस पडतात.

पहिली ही की, हैदराबाद शहरात ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये खून झाला. ते स्वतः मुसलमान होते. संस्थानाने भारतात सामील व्हावे, असे त्यांनी लिहिले हाच त्यांचा अपराध. दुसरी, सुंदरलाल समितीस असे आढळले की, रझाकार गावोगाव मासिक खंडणी बसवीत. जेथे ती निमूटपणे दिली जाई तेथे बहुधा उपद्रव होत नसे. जेथे प्रतिकार होई तेथे लूट व जाळपोळ होई. तिसरी, त्याच संस्थानाच्या तेलंगण भागात १९४६ पासून कुळे जमीनदारांविरुद्ध उठली होती. विसनूरच्या देशमुखाच्या माणसांनी ४ जुलै १९४६ रोजी दोड्डी कोमरय्या या धनगर तरुणास गोळी घातली, तेव्हा मारविणारा हिंदू होता व मरणाराही हिंदूच होता. पुढे रझाकारांनी अशाच देशमुखांची पाठराखण केली. चौथी गोष्ट सर्वांत बोलकी आहे. सूडाच्या त्या दिवसांत काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे रक्षण केले व त्यासाठी स्वतःचे प्राणही वेचले, अशी नोंद समितीने केली आहे. एका व्यवसायात कष्ट करणाऱ्यांचे नाते धर्मभेदाहून बळकट ठरले.

यावरून सत्ता, खंडणी, जमीन व सूड ही त्या रक्तपाताची प्रबळ कारणे होती, असे म्हणणे प्राप्त आहे. मग धर्माचे त्यात स्थान कोणते? बळी निवडण्याची खूण धर्माने पुरविली. कोणाचे घर जाळावे हे नावावरून व पेहरावावरून ठरले. याशिवाय धर्माने आणखी एक गोष्ट पुरविली; ती म्हणजे मनाची संमती. शेजाऱ्याची गुरे हाकून नेणारा मनुष्य एरव्ही स्वतःस चोर समजला असता; त्या दिवसांत तो स्वतःस धर्मरक्षक समजू शकला. कारण, खूण आणि संमती या तीन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या तर पुष्कळसा गोंधळ दूर होतो.

(२) शास्त्राची साक्ष

पवित्र शास्त्रास हा भेद अपरिचित नाही. राजे यांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात नाबोथाचा वृत्तान्त आहे. अहाबास हवा होता द्राक्षमळा. परंतु ईजबेलीने उपासाचा दिवस जाहीर करविला, खोटे साक्षीदार उभे केले आणि देवनिंदेचा आरोप ठेवून नाबोथास दगडमार करविला. आरोप धर्माचा, हेतू जमिनीचा. प्रेषितांच्या कृत्यांच्या एकोणिसाव्या अध्यायात इफिस येथील सोनार देमेत्रिय आपल्या सोबत्यांना प्रथम धंदा बुडण्याचे भय सांगतो व मग देवीच्या गौरवाची गोष्ट काढतो; जमावाच्या घोषणेत मात्र केवळ देवीचेच नाव राहते. याकोबही आपल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात लढायांचे मूळ शोधताना माणसाच्या वासनांकडे बोट दाखवितो.

परंतु येथेच थांबलो तर आपण शास्त्राची अर्धीच साक्ष ऐकली असे होईल. स्तेफनाच्या वधास संमती देणारा शौल कोणाच्या मळ्यावर डोळा ठेवून दिमिष्कास निघाला नव्हता. त्याचा आवेश प्रामाणिक होता आणि म्हणूनच तो अधिक भयंकर होता. शिष्यांचा वध करणाऱ्यांना आपण देवाची सेवा करीत आहोत असे वाटेल, अशी सूचना प्रभूने देऊन ठेवली होती. शमरोनी गावाने स्वागत केले नाही म्हणून आकाशातून अग्नी पाडू इच्छिणारे याकोब व योहान हे तर प्रभूचे शिष्यच होते, आणि त्यांना प्रभूने धमकाविले. तेव्हा धर्माचा आवेश हे स्वतंत्रपणेही छळाचे कारण होऊ शकते, हे आपणास मान्य केलेच पाहिजे.

(३) आपल्या घरचा हिशेब

ही कबुली देताना ख्रिस्ती इतिहासास वगळणे अप्रामाणिकपणाचे होईल. युरोपातील तीस वर्षांच्या युद्धाचे (१६१८ ते १६४८) उदाहरण आपण धर्माच्या बचावार्थ देऊ शकतो. त्यात कार्डिनल रिशेल्यू यांच्या कॅथलिक फ्रान्सने १६३५ साली प्रॉटेस्टंट स्वीडनच्या बाजूने कॅथलिक सम्राटाविरुद्ध शस्त्र उचलले. राज्यहिताने धर्मावर मात केली. परंतु गोव्यातील धर्मन्यायालयाविषयी असा बचाव पुरा पडत नाही. १५६० साली स्थापन झालेले ते न्यायालय, मध्यंतरी काही वर्षे बंद राहून, १८१२ साली कायमचे रद्द झाले. पोर्तुगीज सत्तेचे हित त्यात होतेच. पाडलेल्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळले हेही खरे. तथापि नवख्रिस्ती माणसाच्या घरात जुन्या चालीरीतींचा शोध घेऊन त्यास शिक्षा करणाऱ्यांपैकी कित्येकांना आपण त्याच्या आत्म्याचे तारण करीत आहोत असे मनापासून वाटत होते. तो दोष केवळ राजसत्तेच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही.

उलट पक्षी, धर्म नाहीसा केल्याने छळ नाहीसा होतो असेही इतिहास सांगत नाही. स्टालिनच्या काळातील रशिया आणि १९७५ ते १९७९ मधील कंबोडिया येथील राज्यकर्ते निरीश्वरवादी होते. तेथे माणसांची विभागणी वर्गाच्या नावाने झाली व लक्षावधी लोक प्राणास मुकले. खूण बदलली, संमती देणारा ग्रंथ बदलला. माणसाचे हृदय तेच राहिले.

(४) आपले कर्तव्य

या विवेचनाचा व्यवहारात उपयोग काय? आमच्या सीमाभागातील गावांना १९४८ ची आठवण आहे, पण ती बहुधा अर्धी आहे. एका वस्तीत रझाकारांच्या जुलमाची कथा सांगितली जाते, दुसरीत सप्टेंबरनंतरच्या सूडाची. अर्ध्या आठवणीतूनच पुढील कलहाचे बी पेरले जाते. दोन्ही कथा एकाच श्वासात सांगणारा मनुष्य गावात विरळा. तो पाळक किंवा उपदेशक असावा, अशी आमची अपेक्षा आहे. त्याने विणकरांचीही कथा सांगावी, कारण वाईटाइतकेच चांगलेही खरोखर घडले आहे.

दुसरे, गावात धर्माच्या नावाने तणाव वाढू लागला म्हणजे आपण तीन प्रश्न विचारावेत. यात कोणाचा मळा गुंतलेला आहे? बळी कोणत्या खुणेने निवडला जात आहे? आणि त्यास संमती कोण देत आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पंचायतीत, सावकाराच्या वहीत किंवा निवडणुकीच्या यादीत सापडेल. तिसऱ्याचे उत्तर मात्र पुष्कळदा प्रार्थनास्थळातच सापडते. आणि ते आपलेही असू शकते. एखाद्या समाजाविषयी व्यासपीठावरून काढलेला तुच्छतेचा उद्गार, किंवा अन्याय दिसत असता पाळलेले मौन, हीदेखील संमतीच होय.

लोभ व सत्तेची हाव जगातून काढून टाकणे आपल्या हाती नाही. पण त्यांना देवाचे नाव वापरू न देणे हे सर्वस्वी आपल्या हाती आहे. एलीया नाबोथाच्या मळ्यात जाऊन अहाबासमोर उभा राहिला तो याच कामासाठी. तरुणांच्या आक्षेपास आपले खरे उत्तर अशा वर्तनातूनच मिळेल. वादविवादाने ते पटवून देता येईल असे आम्हास वाटत नाही.