खापर फुटलं बोंबलांवर

जुलै २०२०. भाईंदरला आमच्या दादांना दोन दिवस जुलाब होत होते. ताप नाही, खोकला नाही. खापर फुटलं ते उत्तनच्या सुक्या बोंबलांवर! वहिनींनी ताकभात सुरू केला. तिसऱ्या दिवशी जिना चढताना धाप लागली. तपासणीत कोरोना निघाला.

हा विषाणू पेशीत शिरतो ‘एसीई-२’ या प्रथिनाला धरून, आणि ते आतड्याच्या अस्तरातही भरपूर असतं. जानेवारी २०२०मध्ये अमेरिकेत सापडलेल्या पहिल्या रुग्णालाही जुलाब झाले होते; विषाणूचा अंश त्याच्या शौचातही आढळला. आम्ही मात्र थर्मामीटर बघत बसलो.

इस्पितळात दादांची अन्नावरची वासनाच उडाली. बाराव्या दिवशी फोनवर म्हणाले, “ते बोंबील टाकले नाहीत ना?” वहिनींना रडू आवरेना.