पंप बंदूक
पंप बंदूक : छर्‍यांची काडतुसे उडविणारी, गुळगुळीत नळीची व सरकत्या मुठीवर चालणारी आवर्तक बंदूक. नळीखालची मूठ मागे ओढली की उडालेले काडतूस बाहेर पडते व पुढे सारली की खालच्या कोठीतील दुसरे नळीच्या बुडाशी बसते. ‘बारा बोर’ ही रूढ संज्ञा मापाची आहे : एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्यास एकीचा जो व्यास येतो (सु. १८·५ मिमी.), तो नळीचा अंतर्व्यास.

क्रिस्टोफर स्पेन्सर या अमेरिकन संशोधकाची बंदूक १८८२ च्या सुमाराची. जॉन ब्राउनिंग यांच्या आराखड्यावरून विंचेस्टर कंपनीने काढलेला १८९३ चा नमुना काळ्या दारूसाठी होता. धूरविरहित दारूचा दाब त्यास पेलण्याजोगा नसल्याने १८९७ चा भक्कम नमुना आला. १९५७ पर्यंत त्याचे दहा लाखांवर नग निघाले. पहिल्या महायुद्धात त्याची आखूड, संगीन लागणारी आवृत्ती खंदकांत वापरली गेली व तिच्याविरुद्ध जर्मनीने सप्टेंबर १९१८ मध्ये निषेध नोंदविला.

संग्राहक मूळ झिलई, ठसे व सुट्या होणाऱ्या दोन्ही भागांवरील क्रमांकांचा मेळ पाहतात. नव्याने चकचकीत केलेल्या बंदुकीचे मोल उलट घटते. वापरणाऱ्याने मात्र आधी नळीची व काडतुसाच्या जागेची लांबी जाणकाराकडून तपासून घ्यावी. १८९७ च्या नमुन्यात चाप दाबून धरलेला असताना मूठ पुढे सारली तर बार आपोआप उडतो. हे ठाऊक नसणे जिवावर बेतू शकते. आंतरराष्ट्रीय उडत्या चकत्यांच्या नेमबाजीत अर्धस्वयंचलित बंदूक चालते, पंप बंदूक चालत नाही.

भारतात असा संग्रह जवळजवळ अशक्यच आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकास तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात; वडिलोपार्जित शस्त्रांनाही हीच मर्यादा आहे. वीस इंचांहून (सु. ५१ सेंमी.) आखूड नळीची बंदूक निषिद्ध वर्गात मोडते. शिकारीस १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम व त्याची १९९१ ची दुरुस्ती आड येते. देशी पंप बंदूक तिरुचिरापल्लीच्या सरकारी कारखान्यात बनते व बारा बोरची काडतुसे खडकीस. जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा कारखाना लष्करी काडतुसांचा आहे.

खानदेशात छर्‍याची बंदूक घरात येण्याचे एक कारण म्हणजे पीकसंरक्षणाचा परवाना. पिंप्राळा आता जळगाव शहराचाच भाग आहे. अशा गावांत शेतांवर वस्ती चढली, की त्या परवान्याचे प्रयोजन उरत नाही. परवानाधारक वारल्यावर वारसाने स्वतःच्या नावे परवाना मिळविला नाही, तर बंदूक पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारी विक्रेत्याकडे ठेवावी लागते व विहित मुदतीत तिची विल्हेवाट न लावल्यास ती सरकारजमा होते. दुरुस्त करूनही न उडणाऱ्या पुराणवस्तूवजा शस्त्रास अधिनियमात सूट आहे. मात्र चालू स्थितीतील पंप बंदूक शंभर वर्षांची असली तरी तिला परवाना लागतोच. (पहा : काडतूस, बंदूक).