शुभेच्छापत्रे, हस्तनिर्मित

शुभेच्छापत्रे, हस्तनिर्मित : सण, नववर्ष, वाढदिवस इ. प्रसंगी आप्तेष्टांना पाठविण्यासाठी हाताने तयार केलेली, चित्र, ठसे, कातरकाम वा अन्य सजावट असलेली घडीची पत्रे. मराठीत त्यांना भेटकार्डे असेही म्हणतात. छापील शुभेच्छापत्र हे एका चित्राच्या असंख्य प्रतींपैकी एक असते. हस्तनिर्मित पत्र मात्र एकाच व्यक्तीसाठी योजलेले असते. ते करण्यासाठी दिलेला वेळ हा त्यातील संदेशाचाच एक भाग होय. त्यामुळे कारागिरीत उणे असलेले पत्रही पुष्कळदा जपून ठेवले जाते.

पूर्वपीठिका : व्यापारी स्वरूपाचे पहिले नाताळपत्र लंडनमध्ये १८४३ साली हेन्री कोल यांनी काढले. त्याचे चित्र जॉन कॉलकॉट हॉर्स्ली या चित्रकारांनी काढले होते. सु. १,००० प्रती शिळाछापाने छापून त्या हाताने रंगविण्यात आल्या. म्हणजे या व्यवसायाच्या आरंभीच छपाई व हस्तकाम यांचा मेळ होता. इंग्लंडमध्ये १८४० पासून लागू झालेल्या एक पेनी टपालदरामुळे अशी पत्रे पाठविणे सामान्य कुटुंबांना परवडू लागले. भारतातही १८५४ मध्ये अंतरनिरपेक्ष टपालदर आला व १८७९ मध्ये पोस्टकार्ड सुरू झाले. जपानमध्ये नववर्षाची पत्रे पाठविण्याची प्रथा सार्वत्रिक असून त्यासाठी बटाटा वा रताळे कोरून घरगुती ठसे करण्याची रीत तेथे लोकप्रिय आहे. संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीचे (युनिसेफचे) पहिले शुभेच्छापत्रही एका मुलीच्या हातचे होते. युद्धोत्तर मदतीबद्दल आभार मानण्यासाठी चेकोस्लोव्हाकियातील यित्का सामकोव्हा या सात वर्षांच्या मुलीने कागदाच्या अभावी काचेवर काढलेले चित्र १९४९ मध्ये पत्ररूपाने छापले गेले.

महाराष्ट्रात शुभेच्छा वस्तुरूपाने देण्याची प्रथा शुभेच्छापत्रांहून जुनी आहे. दसऱ्याला ‘सोने’ म्हणून दिले जाणारे आपट्याचे पान, संक्रांतीचा तिळगूळ आणि मंगलपत्रिकेच्या कोपऱ्यांना लावलेले हळदकुंकू ही त्याची उदाहरणे होत. टपालाची सोय झाल्यावर या देवघेवीला कागदाची जोड मिळाली. संक्रांतीच्या लहानशा भेटकार्डाबरोबर पाकिटात चिमूटभर हलवा घालून तो परगावी पाठविण्याची पद्धत मराठी कुटुंबांत होती. दिवाळीच्या शुभेच्छापत्रांवर पणती, आकाशकंदील, रांगोळी, तोरण व किल्ला ही चिन्हे रूढ झाली. पुण्याच्या चित्रशाळेने (१८७८) व राजा रविवर्मा यांच्या मुद्रणालयाने (१८९४) रंगीत शिळाछाप चित्रे घरोघर पोहोचविली. त्या चित्रांतील देवतांच्या वस्त्रांवर व अलंकारांवर जर, टिकल्या आणि मणी शिवून ती सजविण्याचा छंद त्या काळच्या स्त्रियांत होता. छापील चित्रात हाताने भर घालण्याची ही पद्धत पुढे भेटकार्डांतही दिसून येते.

कागद : शुभेच्छापत्राचा टिकाऊपणा मुख्यत्वे कागदावर अवलंबून असतो. दर चौ. मी.स १५० ते २५० ग्रॅ. वजनाचा कागद घडीसाठी सोयीचा असतो. त्याहून पातळ कागद उभा राहत नाही व फार जाड कागद घडीवर तडकतो. यंत्रावर तयार झालेल्या कागदातील तंतू बहुतांशी एका दिशेने लागलेले असतात. घडी या दिशेला समांतर घातल्यास ती सरळ व स्वच्छ बसते. आडवी घातल्यास कड फुटते. दिशा ओळखण्यासाठी कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहावा. ज्या बाजूने तो कमी विरोध करतो, ती घडी तंतूंना समांतर समजावी. हातकागदात तंतू सर्व दिशांना विखुरलेले असल्याने हा भेद फारसा जाणवत नाही.

हातकागदाची मराठवाड्यातील परंपरा मोठी आहे. दौलताबाद व खुल्दाबाद यांच्या दरम्यान असलेले कागजीपुरा हे गाव या धंद्यावरूनच ओळखले जाते. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादेस हलविली, तेव्हा कागदी कारागीर येथे आले असे परंपरा सांगते. चिंध्या व जुने दोर भिजवून, कुटून केलेला लगदा पाण्यात कालवीत. तो जाळीवर उचलून ताव काढीत व वाळल्यावर खळ देऊन गुळगुळीत दगडाने घोटीत. पुणे जिल्ह्यातील जुन्नरचा कागदही एके काळी प्रसिद्ध होता. यंत्रनिर्मित कागदामुळे हा धंदा मागे पडला. वर्धा येथील अखिल भारत ग्रामोद्योग संघाने (१९३४) आणि पुण्याच्या हातकागद संस्थेने (१९४०) त्याचे पुनरुज्जीवन केले. तयार कपड्यांच्या कारखान्यांतील सुती कातरणांपासून केलेला असा कागद आम्लरहित ठेवल्यास दीर्घकाळ पिवळा पडत नाही. त्याच्या तुटक, तंतुमय कडा शुभेच्छापत्रास शोभा आणतात. त्यामुळे त्या कात्रीने छाटू नयेत [→ कागद].

इतर साहित्य : पतंगी कागद, घोटीव कागद, क्रेप कागद, जरीच्या फिती, टिकल्या, लोकर, सुतळी, कापडाचे तुकडे, लग्नपत्रिकांचे निरुपयोगी भाग इ. वस्तू सजावटीस चालतात. चिकटविण्यासाठी मैद्याची वा साबुदाण्याची खळ, बाभळीचा डिंक किंवा कृत्रिम पांढरा गोंद वापरतात. डिंकातील पाण्याने पातळ कागद सुरकुततो व कालांतराने डाग पिवळा पडतो. म्हणून पतंगी कागदास खळ बरी. बुकबांधणी करणारे खळीला कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद घालीत, परंतु ते विषारी असल्याने मुलांच्या कामात वापरू नये. चकाकणाऱ्या चमकीचे कण बहुधा प्लॅस्टिकचे असतात व ते मातीत, पाण्यात तसेच राहतात. यूरोपीय संघाने अशा सुट्या चमकीच्या विक्रीवर २०२३ मध्ये निर्बंध घातले. अभ्रकाची पूड किंवा बारीक कातरलेला सोनेरी कागद हा तिला चांगला पर्याय होय.

कृती : प्रथम पाकिटाचे माप निश्चित करावे, मग पत्राचे. २१० × २९७ मिमी. मापाचा ताव मध्यावर दुमडल्यास १४८ × २१० मिमी. मापाचे पत्र होते. घडीच्या जागी पट्टी धरून, शाई संपलेल्या बॉलपेनाने दाबरेघ ओढावी व मग कागद दुमडावा. सजावटीच्या प्रमुख पद्धती पुढीलप्रमाणे आहेत.

(१) ठसेकाम : भेंडीच्या आडव्या कापाचा ठसा फुलासारखा उमटतो, तर अर्ध्या कांद्याचा एकात एक वर्तुळांचा. बटाट्यावर पणती वा कोयरी कोरता येते. कापलेला भाग फडक्याने टिपून कोरडा केल्याखेरीज रंग सारखा बसत नाही. ठशावरील आकार उलटा उमटत असल्याने अक्षरे उलटी कोरावी लागतात.

(२) फवारकाम : पान किंवा कातरलेला आकार कागदावर ठेवून, रंगात बुडविलेला दात घासण्याचा ब्रश चहाच्या गाळणीवर घासतात. उडालेल्या बारीक तुषारांत आकार पांढरा उरतो.

(३) अब्री : मेथीदाण्यांच्या बुळबुळीत पाण्यावर पित्त मिसळलेले रंग तरंगवून, ते काडीने वा फणीने हलवून, तुरटीचे पाणी दिलेल्या कागदावर उचलण्याची ही कला आहे. सतराव्या शतकात विजापूर येथे या तंत्राने केवळ पार्श्वभूमीच नव्हे, तर माणसे व प्राणी यांच्या आकृतीही साधल्या गेल्या. शाळेत साध्या पाण्यावर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेले तैलरंग सोडून हेच काम सोपेपणाने करता येते. मात्र खोली हवेशीर असावी व जवळपास ज्योत नसावी.

(४) पाने-फुले : पाकळ्या जाड पुस्तकात शोषककागदांमध्ये दाबून वाळवितात. पिंपळाचे पान काही आठवडे पाण्यात भिजत ठेवल्यास त्यातील मऊ भाग कुजतो. तो मऊ ब्रशाने हळूच काढल्यावर शिरांची जाळी शिल्लक राहते. हिच्यावर चित्रही काढता येते.

(५) उभी आकृती : पत्र उघडताच आतील आकृती उभी राहण्यासाठी मधल्या घडीला लंब असे दोन समान काप देऊन त्यांमधील पट्टी आत ढकलतात. पट्टी वेगळी चिकटवायची असल्यास, ती खालच्या पानावर घडीपासून जितक्या अंतरावर चिकटवावी, तितकी तिची आडवी बाजू व वरच्या पानावर जितक्या अंतरावर चिकटवावी, तितकी तिची उभी बाजू ठेवावी. म्हणजे समांतरभुज चौकोन होऊन पत्र पूर्ण मिटते. या दोन अंतरांची बेरीज पानाच्या रुंदीहून कमी असावी, नाहीतर मिटलेल्या पत्राबाहेर आकृती डोकावते.

(६) लोकचित्रे : ठाणे व पालघर जिल्ह्यांतील वारली स्त्रिया लग्नप्रसंगी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात ही चित्रे कागदावर आली व जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांच्यामुळे जगभर पोहोचली. शुभेच्छापत्रांवर तारपानृत्याचा वलयाकार फेर फार वापरला जातो. तथापि या आकृत्या केवळ नक्षी नसून विशिष्ट समाजाच्या विधींशी निगडित आहेत, याचे भान ठेवणे उचित होय.

स्थानिक द्रव्यांचा उपयोग : विकतच्या साहित्याचा संच हाताशी नसला, तरी काम अडत नाही. हिंगोली जिल्हा हळदीच्या उत्पादनासाठी प्रसिद्ध असून वसमत ही तिची मोठी बाजारपेठ आहे. त्या तालुक्यातील हट्ट्यासारख्या गावातील शाळेला हळद, चुना, गेरू, काजळी व पळसाची फुले एवढ्यांवर दिवाळीची पत्रे करता येतील. हळदीतील पिवळे रंगद्रव्य अल्कधर्मी पदार्थाच्या संयोगाने लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणामुळे. हळदीच्या पाण्याने रंगवून वाळविलेल्या कागदावर चुन्याच्या निवळीने वा धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने लिहिल्यास अक्षरे तांबडी उमटतात व लिंबाचा रस लावल्यास ती पुन्हा पिवळी होतात. यात कला व रसायनशास्त्र यांचा पाठ एकत्र मिळतो. हळदीचा रंग उन्हात लवकर विटतो, म्हणून तो पत्राच्या आतील बाजूस योजावा. काजळी व गेरू यांचे रंग मात्र प्रकाशात टिकतात. त्यांत थोडा डिंक मिसळल्यास ते हाताला लागत नाहीत.

शैक्षणिक व सामाजिक स्थान : महात्मा गांधींच्या नयी तालीम योजनेने (१९३७) हस्तव्यवसायास शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवले. कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभव या विषयाची शिफारस केली व ईश्वरभाई पटेल समितीने (१९७७) समाजोपयोगी उत्पादक कार्याची कल्पना मांडली. शाळांतील भेटकार्डाचा पाठ या विचारधारेतून आला. मोजमाप, काटकोन, सममिती, शुद्धलेखन व नेटके हस्ताक्षर यांचा सराव त्यात एकाच वेळी होतो. परंतु सर्व मुलांना एकच नमुना देऊन तो हुबेहूब उतरविण्यास सांगितल्यास हस्तकामाचा हेतूच नष्ट होतो. तयार होतात त्या केवळ हाताने काढलेल्या छापील प्रती. पत्र कोणाला पाठवायचे, हे मुलाने प्रथम ठरवावे व मग चित्र, शब्द आणि साहित्य निवडावे, हा क्रम अधिक योग्य होय. आजीला अक्षरे मोठी हवीत, दूरच्या मित्राला पाठवायचे पत्र टपालात चुरगळणार नाही असे सपाट हवे, दृष्टिहीन व्यक्तीसाठी उठाव असलेली, बोटांना जाणवणारी सजावट हवी, असे निर्णय त्यातून आपोआप घ्यावे लागतात.

शुभेच्छापत्रांच्या विक्रीतून सामाजिक कार्यासाठी निधी उभारण्याची पद्धतही रूढ आहे. रिप्पन कपूर (१९५४–९४) यांनी १९७९ मध्ये मुंबईत स्थापन केलेली ‘क्राय’ ही बालहक्क संस्था या मार्गाने घरोघर परिचित झाली. हस्तनिर्मित पत्रे विशेष मुलांच्या कार्यशाळा, महिलांचे बचतगट इत्यादींना भांडवलाविना करता येण्याजोगे काम पुरवितात. त्यांची विक्री केवळ कणवेवर विसंबून राहिली, तर ती एकदाच होते. माप, घडी व चिकटकाम यांत एकसारखेपणा असल्यास मात्र ग्राहक पुन्हा येतो.

ऱ्हास व सद्यःस्थिती : एके काळी दिवाळीच्या आधी दुकानांतून शुभेच्छापत्रांच्या रांगा लागत व न चिकटविलेल्या पाकिटांतून ती कमी दराच्या बुकपोस्टाने पाठविली जात. एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून भ्रमणध्वनीवरील संदेशांनी व पुढे चित्रसंदेशांनी त्यांची जागा घेतली. एकच संदेश क्षणात शेकडो जणांना पाठविता येऊ लागला. परंतु त्यामुळेच तो विशिष्ट व्यक्तीला उद्देशून असल्याची खूण नाहीशी झाली. मोठ्या प्रमाणावर छापलेल्या पत्राला यात अधिक हानी पोहोचली, कारण त्याचा गुण, म्हणजे सुबक चित्र व तयार मजकूर, नव्या साधनाने फुकट देऊ केला. हस्तनिर्मित पत्राचा गुण मात्र या साधनाला देता येत नाही. ज्याच्या नावे ते केले त्याच्या हाती ते एकमेव प्रत म्हणून पडते, त्यावर करणाऱ्याचे हस्ताक्षर असते आणि अनेक वर्षांनी पेटीच्या तळाशी सापडले, तरी कोणी, कोणासाठी व कोणत्या दिवाळीला ते केले हे त्यावरून कळते. याकरिता पत्राच्या मागील बाजूस नाव, गाव व वर्ष लिहिण्याची सवय मुलांना आरंभापासून लावावी. अशी पत्रे आम्लरहित कागदात, उन्हापासून व दमटपणापासून दूर, सपाट ठेवल्यास कुटुंबाच्या इतिहासाचे ते एक विश्वसनीय साधन ठरते.