तपासणी फीमध्ये काय काय येतं?

तळेगाव दाभाडे म्हणजे एका नावाची दोन गावं. एक जुनं गाव, सरसेनापती दाभाड्यांचा वाडा, बनेश्वराचं देऊळ आणि तळं यांच्या आसपास वाढलेलं. दुसरं ‘स्टेशन’, पुणे-मुंबई रेल्वेच्या कडेनं पसरलेलं आणि आता सोसायट्यांनी भरलेलं. पत्ता विचारला की तळेगावकराचा उलटा प्रश्न येतो, “गावात, का स्टेशनला?” राहणी वेगळी, भाव वेगळे, पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी सापडते. रस्त्यालगत दोन खोल्यांचा दवाखाना, बाहेर बाकं, आत पडद्यामागे तपासणीचं टेबल, भिंतीवर औषध कंपनीचं कॅलेंडर. सकाळी दहा ते एक, संध्याकाळी सहा ते नऊ, रविवारी संध्याकाळी बंद.

वास्तविक तळेगावला वैद्यकाचं वावडं कधीच नव्हतं. इथल्या मोठ्या रुग्णालयाचं जुनं नाव होतं ‘तळेगाव जनरल हॉस्पिटल अँड कॉन्व्हलेसंट होम’. दुखण्यातून उठलेल्या माणसानं विश्रांतीला यावं अशी इथल्या हवेची ख्याती, म्हणून ते कॉन्व्हलेसंट होम. १९९५ मध्ये इथं मायमर वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. त्याला जोडलेलं हे रुग्णालय आज डॉ. भाऊसाहेब सरदेसाई यांच्या नावानं ओळखलं जातं. म्हणजे सर्जन, भूलतज्ज्ञ, प्रोफेसर सगळे हाकेच्या अंतरावर. तरी ताप आला, पाय मुरगळला, आजीला भोवळ आली की घरातून पहिलं वाक्य निघतं, “आधी आपल्या डॉक्टरांना दाखवू.” या ‘आपल्या’ डॉक्टरांच्या दवाखान्यात नेमकं मिळतं काय?

उत्तराची सुरुवात औषधापासून करावी लागते, कारण या व्यवसायाची घडण औषधावर झाली. जुन्या दवाखान्यात डॉक्टरइतकाच महत्त्वाचा माणूस म्हणजे कंपाउंडर. लाकडी फळीवर मोठ्या बरण्या आणि त्यांत रंगीत मिक्श्चर. पेशंटनं घरून धुतलेली बाटली आणायची, कंपाउंडरनं ती भरायची आणि बाहेरून कागदाची खाचा पाडलेली पट्टी चिकटवायची. एक खाच म्हणजे एक डोस. गोळ्या खलात कुटून पुड्या बांधायच्या, सकाळ-दुपार-रात्र. काचेच्या सिरिंजा पाण्यात उकळत असायच्या. हे सगळं मिळून एकच फी. डॉक्टरनं स्वतःच्या पेशंटला स्वतःकडचं औषध देण्याची मुभा औषध कायद्यात आजही आहे, आणि मावळातल्या खेड्यापाड्यांत ती वापरलीही जाते.

मग औषधं बदलली. तळेगावच्या खालच्या अंगाला, याच लोहमार्गावर, पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली आणि पुढच्या वर्षी तिथं पेनिसिलीन तयार होऊ लागलं. न्यूमोनियाच्या पेशंटच्या उशाशी बसून ताप उतरण्याची वाट बघणाऱ्या डॉक्टरच्या हातात आता ताप उतरवणारी सुई आली. सुईचा दबदबा तेव्हापासूनचा. “एक सुई मारा डॉक्टर, उद्या फर्स्ट शिफ्ट आहे,” ही विनवणी नवलाख उंबरे आणि आंबीच्या कारखान्यांतून येणाऱ्या कामगाराच्या तोंडी आजही असते. साध्या व्हायरल तापाला अँटिबायोटिक लागत नाही, तीन-चार दिवसांत तो आपोआप उतरतो, हे डॉक्टरला ठाऊक असतं. पण सुई न देता फी घ्यायची कशी, हा पेच खोलीत दोघांच्या मध्ये बसलेला असतो.

या पेचाच्या पलीकडे दवाखान्याचं जे काम चालतं, त्याला तळेगावात ऋतूंचं वेळापत्रक आहे. आषाढात मावळात भाताची लावणी सुरू होते. वडगावच्या संशोधन केंद्रानं दिलेला इंद्रायणी तांदूळ याच चिखलातून येतो, आणि याच चिखलातून चिखल्याही येतात. बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडून फाटते, आग होते. मलम लागतंच, पण पाय कोरडे ठेवायला सांगायचं ते दिवसभर गुडघाभर पाण्यात उभ्या राहणाऱ्या बाईला! त्याच दिवसांत ताप, पोटऱ्यांत गोळे आणि लाल डोळे घेऊन कुणी आलं की डॉक्टरच्या मनात लेप्टोस्पायरोसिस येतो. दिवाळीच्या आगेमागे झोडणीची धूळ उडू लागली की दम्याचे पेशंट येतात. तेव्हा टेबलावरचा नेब्युलायझर थंड होत नाही. सोसायट्यांच्या भागात पावसाळ्यानंतर डेंग्यू, आणि बारा महिने बीपी, शुगर, मान आणि कंबर.

बांधावर पाय पडला आणि साप चावला, तर फॅमिली डॉक्टरचं काम वेगळं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार विषारी सापांवर एकच प्रतिसर्पविष चालतं, पण ते देताना रिॲक्शन येऊ शकते. म्हणून ते रुग्णालयातच द्यायचं. इथं डॉक्टर काय करतो? आवळून बांधलेली दोरी नीट बघून सोडवतो, चिरा देऊ देत नाही, अवयव हलू देत नाही आणि गाडी सुटायच्या आत रुग्णालयात फोन करतो. छातीत दुखतंय, घाम सुटलाय, तर ईसीजी काढतो, ॲस्पिरिनची गोळी चघळायला देतो आणि पुढं पाठवतो. कुत्रं चावलं तर आधी नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवायला लावतो. पोटात चौदा इंजेक्शनं ही जुनी दहशत अजून ऐकू येते. मेंदूच्या पेशींपासून बनवलेली ती लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आताची लस दंडात घेतात. पहिल्या डोसचा दिवस शून्य धरायचा आणि पुढचे डोस तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. जखम खोल असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं.

छोट्या जागेवरून मोठं वैद्यक घडू शकतं, याचा दाखला घाटाखाली महाडला आहे. डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणात विंचूदंशाचे पेशंट जवळून पाहिले, हृदयावर होणारा परिणाम नोंदवला आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यावर वापरून बघितलं. १९८६ मध्ये ते काम ‘लॅन्सेट’मध्ये आलं. खेड्यात पेशंटच्या उशाशी रात्र काढून केलेल्या निरीक्षणाला जगानं मान दिला.

तातडीची कामं डोळ्यांत भरतात, पण दवाखान्याची खरी मिळकत लांब पल्ल्याच्या ओळखीची आहे. खोकला दोन आठवड्यांवर गेला की थुंकी तपासायला लावायची. टीबी निघाला तर २०१२ पासून खासगी डॉक्टरनंही सरकारला कळवणं बंधनकारक आहे. उपचार सुरू असेपर्यंत पेशंटला पोषणासाठी दरमहा १,००० रुपये खात्यात येतात, हेही त्याला सांगायचं. बीपीची गोळी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून बंद केलेल्या काकांना पुन्हा सुरू करायला लावायची. सुनेला दिवस गेले की वेळेत नाव नोंदवायला धाडायचं. तीन तज्ज्ञांनी लिहिलेल्या तीन चिठ्ठ्या समोर घेऊन त्यांतली एकच गोळी दोन नावांनी दोनदा आली आहे हे शोधायचं. केसपेपरवर न लिहिलेली माहिती इथं उपयोगी पडते. वडिलांना पन्नाशीत ॲटॅक आला होता, मोठी जाऊ आणि धाकटी जाऊ बोलत नाहीत, मुलाची नोकरी गेलीय. यांतल्या कोणत्या गोष्टीमुळं आईला झोप लागत नाही, हे ओळखणारं यंत्र अजून निघालेलं नाही.

या दवाखान्यांच्या पाट्या वाचल्या तर महाराष्ट्राचा वैद्यकीय इतिहास दिसतो. स्वातंत्र्याच्या आगेमागे एलसीपीएस, मग एमबीबीएस, आणि आता मोठ्या संख्येनं बीएएमएस, बीएचएमएस. होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी राज्यानं २०१४ मध्ये कायदा बदलून आधुनिक औषधांचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आणला, आणि त्यावर ॲलोपॅथीच्या संघटनांचा विरोध अजून मावळलेला नाही. बाकावर बसलेल्या माणसाला मात्र पाटीवरची अक्षरं क्वचितच आठवतात. त्याला आठवतं ते एवढंच, की मागच्या वेळी वेळेवर पाठवलं म्हणून बाप वाचला.

पाठवणं हीच या पेशातली नाजूक जागा आहे. कुणाला कुठं धाडायचं या निर्णयाला बाजारात किंमत आहे, आणि ती किंमत पेशंट देत नाही, रुग्णालय आणि लॅब देतात. याला लोक ‘कट’ म्हणतात. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत तो निषिद्ध आहे. त्याविरुद्ध राज्यात २०१७ मध्ये कायद्याचा मसुदाही झाला होता. याच बावस्करांना एका तपासणी केंद्राकडून १,२०० रुपयांचा चेक आला, तेव्हा त्यांनी तो गुपचूप न वटवता वैद्यकीय परिषदेकडं तक्रार केली. सगळे डॉक्टर कट घेतात असं नव्हे. पण कट फोफावतो तो एका रिकाम्या जागेत. सल्ल्याचे पैसे पेशंट देत नाही, मग ते दुसरं कुणीतरी देऊ लागतं.

फुकट कामांची यादी काढली तर लांबते. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर आलेला पुरळाचा फोटो, पुण्यात ॲडमिट असलेल्या पेशंटच्या नातेवाइकांचा ‘ऑपरेशन करू का?’ हा फोन, विम्याचे कागद. घरी मृत्यू झाला तर कारणाचा दाखला अखेरच्या दुखण्यात उपचार करणाऱ्या डॉक्टरनं द्यायचा, आणि तो विनाशुल्कच द्यायचा, असं १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा सांगतो. तो नियम योग्यच आहे. त्या वेळी पैसे मागणारा डॉक्टर कुणाला नको. पण बाकीच्या सल्ल्यांना असा कोणता कायदा नाही. ती आपली सवय आहे. मिक्श्चरची बाटली दवाखान्यातून ‘मेडिकल’मध्ये गेली, तरी पैसे बाटलीलाच द्यायचे ही समजूत राहून गेली.

आता एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षापासून खेड्यातली काही कुटुंबं दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याकडं लक्ष ठेवायचं असतं. वैद्यकीय आयोगाचा हा कार्यक्रम चांगला आहे, कारण एकाच घरात पुन्हा पुन्हा जाण्यातून जे शिकायला मिळतं ते वॉर्डात मिळत नाही. पण हीच मुलं डॉक्टर झाली की पीजीच्या परीक्षेमागं लागतात. त्यांना दोष देता येत नाही. ‘काही नाही, दोन दिवस थांबा, पाणी प्या, श्वास लागला तर रात्री फोन करा,’ एवढं सांगायला साडेपाच वर्षांचं शिक्षण आणि शेकडो तापांचा अनुभव लागतो, आणि ते ऐकून पेशंट कुरकुरतो, “औषध तर काहीच दिलं नाही.” ज्या दिवशी असा पेशंट रिकाम्या हातानं बाहेर पडताना पूर्ण फी टेबलावर ठेवील, त्या दिवसापासून तळेगावात नवा दवाखाना टाकणं तरुण डॉक्टरला परवडेल.