कोकणची खनिजसंपत्ती : उत्खननाकडून उद्योगाकडे

कोकण म्हटले की आंबा, काजू आणि मासळी यांचे स्मरण होते. या भूमीच्या पोटातही मोलाची संपत्ती आहे, याची जाणीव मात्र क्वचितच आढळते.

ही संपत्ती सर्वत्र सारखी नाही. उत्तर कोकणात, अंबरनाथजवळील पालेगावच्या परिसरात, काळा पाषाण अर्थात बेसाल्ट आढळतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून तो घडला. अंबरनाथचे अकराव्या शतकातील शिवमंदिर याच पाषाणाचे आहे. अतिवृष्टीने बेसाल्ट झिजून जांभा आणि त्याबरोबर बॉक्साइट तयार झाले. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांत त्याचे साठे आहेत. सिंधुदुर्गात बेसाल्टचे थर संपून अधिक प्राचीन खडक उघडे पडतात. तेथे रेडीचे लोहखनिज, कासार्डे परिसरातील सिलिका वाळू आणि चिनी माती मिळते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळसर वाळूत इल्मेनाइट असते. त्यापासून रंगासाठी लागणारे पांढरे द्रव्य बनते.

खनिज आहे, उद्योग का नाही?

पालेगावच्या शेजारी धातूची खाण नाही. तरीही अंबरनाथला औद्योगिक वसाहत उभी राहिली. याचे कारण रेल्वे, वीज, पाणी आणि मुंबईची बाजारपेठ. याउलट, सिंधुदुर्गात रेल्वे पोहोचली ती १९९० च्या दशकात. संपूर्ण कोकण रेल्वेमार्ग १९९८ मध्ये खुला झाला. तोवर रेडीचे लोहखनिज मुख्यत्वे कच्च्या स्वरूपातच जहाजाने परदेशी जात राहिले.

बॉक्साइटचे उदाहरणही बोलके आहे. एक टन ॲल्युमिनियमसाठी सुमारे चार टन बॉक्साइट आणि चौदा ते पंधरा हजार युनिट वीज लागते. स्वस्त व अखंड वीज नसेल, तर केवळ साठ्यांच्या बळावर हा कारखाना चालू शकत नाही. सिलिका वाळूपासून काच व ओतकामाचे साचे, चिनी मातीपासून भांडी व फरशा, असे मध्यम उद्योग तुलनेने सुलभ आहेत. कच्चा माल बाहेर गेला की मजुरी तेवढी गावात राहते. पक्का माल झाला, तर कौशल्य आणि नफाही राहतो.

पंचायतींची जबाबदारी

खनिज एकदाच काढता येते. सच्छिद्र जांभ्याची पठारे पावसाचे पाणी मुरवितात. ती बेसुमार खोदल्यास खालच्या वाडीचे झरे आटण्याचा धोका असतो. खाणीची धूळ आंब्याच्या मोहोरावर बसते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या निर्णयानुसार गौण खनिजांच्या लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरणविषयक पूर्वमंजुरी आवश्यक ठरली. २०१५ च्या दुरुस्तीने खाणबाधित जिल्ह्यांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानाची तरतूद झाली. त्याच्या निधीतून पाणी, आरोग्य व शिक्षणाची कामे घेता येतात. मंजुरीच्या अटी वाचणे, खोदलेल्या जागेचे पुनर्भरण होते की नाही हे पाहणे आणि निधीसाठी योग्य कामे सुचविणे, ही दक्षता गावाने घ्यावयास हवी. खाण संपल्यावरही गाव तेथेच राहणार आहे.