‘मिरची’तला म

रेगरपुऱ्यातल्या अरुंद गल्लीत खाली गलाईची भट्टी धडधडते आहे आणि वरच्या खोलीत चौथीतला मुलगा ओळीवर बोट ठेवून वाचतो आहे. तेजाबाचा वास येऊ नये म्हणून आईने दार ओढून घेतलंय. कुटुंब विट्याकडचं. सांगली जिल्ह्याच्या त्या दुष्काळी पट्ट्यातून सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पांगलेल्यांपैकी अनेकजण दिल्लीच्या करोल बागेत स्थिरावलेत. घरात मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी.

समोर गावाहून आणलेलं बालभारती आहे. ‘मि’पाशी बोट थांबतं, वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, उच्चारात मागून येते. ‘‘मि... र... ची. मिरची!’’ सावकाश, पण बरोबर. ‘स्वच्छ’चं मात्र ‘सवछ’ होतं. मग इंग्रजी धडा. ई-एन-ओ-यू-जी-एच. ‘‘एनोग,’’ तो म्हणतो आणि आईकडे बघतो.

शिकवायला येणाऱ्या मॅडम पुस्तक मिटतात. ‘‘मिरची में से म् हटाओ. क्या बचा?’’

‘‘रची.’’

त्याने अख्खा ‘मि’ काढून टाकला. आई ‘म्म्म्‌-इरची’ असं ताणून म्हणते, तेव्हा कुठे त्याला ‘इरची’ सापडतं. खरी अडचण इथे आहे: शब्दातले आवाज सुटे करून ऐकण्यात. देवनागरीत अक्षराला बहुतांशी ठरलेला उच्चार असतो, त्यामुळे ही अडचण संथ वाचनाआड आणि जोडाक्षरांत दडून राहते. इंग्रजी सुटा आवाज मागते, वर त्याचं लेखन शब्दागणिक बदलते. तिथे मूल उघडं पडतं. 1999 साली जपानमधल्या एका द्विभाषिक मुलाची नोंद प्रसिद्ध झाली. तो जपानी उत्तम वाचायचा, इंग्रजीत डिस्लेक्सिक होता.

आई माझ्याकडे वळते. ‘‘ताई, शाळेत सांगितलंय, घरात मराठी बंद करा. दोन-दोन भाषांनी पोरगं गोंधळतंय म्हणे.’’

मला राग येतो. दोन भाषांमुळे डिस्लेक्सिया होत नाही. मराठी बंद केली तर त्याचं वाचन सुधारणार नाही, आजीशी बोलणं तेवढं तुटेल. ज्या भाषेतले शब्द त्याला ठाऊक आहेत, तिचाच आधार का काढून घ्यायचा? आणि फक्त इंग्रजीत तपासलं, तर भाषा कच्ची आहे की वाचन, हे कळणार कसं? करोल बागेपासून फार लांब नसलेल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चटर्जी सिंग यांच्या गटाने नेमकी याचसाठी ‘डाली’ ही चाचणी तयार केली. 2015 मध्ये ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आली, पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी.

मुलाचे वडील हात पुसत वर येतात. हिंदीतली तपासणी मॅडम इथे करवून देतील; मराठीसाठी मराठी जाणणारा मानसतज्ज्ञ हवा.

‘‘दिवाळीला गावाकडं जायचंच हाय,’’ ते बायकोला म्हणतात. ‘‘पुण्यात उतरू दोन दिवस.’’

मॅडम शाळेसाठी पत्र लिहायला घेतात. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, अहवाल येईपर्यंत त्याला वर्गात मोठ्याने वाचायला उभं करू नये, पेपरला जादा वेळ मिळावा.

‘‘मॅडम, ये भी लिखो,’’ वडील खाली बसत म्हणतात, ‘‘घर में मराठी बंद नहीं होगी.’’